केबलवरचा शनिवारचा भटकंतीचा कार्यक्रम: बघणाऱ्यांसाठी की रिसॉर्टवाल्यांसाठी?

महालवाली

नागपूर शहरातल्या एका केबल वाहिनीवर शनिवारी संध्याकाळी वीकेंड भटकंतीचा जो अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागतो, त्याबद्दल हा धागा आहे. वाहिनीचं, सूत्रसंचालिकेचं, कुठल्या रिसॉर्टचं नाव मी घेत नाही आणि प्रतिसादातही कोणी घेऊ नये ही विनंती. माणसांवर बोलायचं नाही, कार्यक्रमावर बोलायचं आहे.

आमच्या घरात हा कार्यक्रम कोणी चुकवत नाही. मोठ्या मराठी वाहिन्यांवर फिरायला जायचं म्हटलं की कोकण, महाबळेश्वर, लोणावळा. विदर्भ आला तर ताडोब्याचा वाघ, नाहीतर मे महिन्यातला पारा. रामटेकचा गड, वैनगंगेचा काठ, पाचपावलीतली सावजीची पंगत हे सगळं आपल्या माणसांनी आपल्या बोलीत दाखवलेलं बघायला मिळतं ते फक्त इथे. सासूबाई तर पुढच्या आठवड्यात कुठे जाणार ते लिहून ठेवतात. म्हणून हा कार्यक्रम बिघडताना बघवत नाही.

हल्ली भाग सुरू होतो तो ड्रोनने. मग रिसॉर्टचं फाटक, हातात सरबताचा ग्लास, पोहण्याचा तलाव, बुफे, स्पा, मॅनेजरची मुलाखत, खोलीतले पडदे. ज्या गावाचं नाव भागाला दिलेलं असतं ते गाव शेवटच्या चार-पाच मिनिटांत उरकतात. एका रात्रीचं भाडं किती हे कधीच सांगत नाहीत. आणि हा भाग पैसे घेऊन केलेला असेल तर तसं पडद्यावर कुठे लिहिलेलं दिसत नाही. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम १९९४ मध्ये स्पष्ट आहे की जाहिरात ही कार्यक्रमापासून वेगळी ओळखू आली पाहिजे, आणि तासाला १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिरात नको. समाजमाध्यमांवरच्या इन्फ्लुएन्सरनासुद्धा २०२१ पासून जाहिरात असेल तर तसं लेबल लावायला सांगितलं आहे. मग टीव्हीवाल्यांनी 'प्रायोजित भाग' एवढे दोन शब्द कोपऱ्यात लिहायला काय हरकत आहे?

पण माझं मुख्य म्हणणं जाहिरातीबद्दल नाही. लोकल केबल बघतं कोण? ज्यांना आठ-दहा हजारांची खोली परवडते ते फोनवर बघून जागा ठरवतात. केबलसमोर बसतात ते माझ्या सासूबाईंसारखे, खालच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या ताईंसारखे, दुचाकीवर दोन पोरं बसवून रविवारी बाहेर पडणारे. त्यांना हवं ते वेगळं आहे.

रामटेकचंच घ्या. जेमतेम पन्नास किलोमीटर. मागे त्यावर भाग झाला, त्यात खिंडसी तलावातलं बोटिंग आणि जवळचं एक रिसॉर्ट याशिवाय फारसं काही नव्हतं. मी भाग केला असता तर इतवारी स्टेशनवरून सुरू केला असता, कारण तिथून रामटेकची पॅसेंजर सुटते. नाहीतर गणेशपेठच्या स्टँडवरून, कारण मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून तिकीटच नाही. ही माहिती टीव्हीवर सांगण्यासारखी आहे की नाही? कितीतरी म्हाताऱ्या माणसांना ही सवलत असूनही कुणी सोबत घेऊन जात नाही म्हणून घरात बसून आहेत.

मग गडावर. गुडघे दुखत असतील तर गाडीरस्त्याने वरपर्यंत जाता येतं. पाय धड असतील तर अंबाळ्याच्या बाजूने पायऱ्या चढाव्यात, कारण तलावाकाठची जुनी देवळं त्या वाटेवर दिसतात. वर भोसल्यांच्या काळातली तटबंदी आणि दरवाजे, तो भला थोरला दगडी वराह. आणि लोक ज्याच्याजवळून सरळ पुढे निघून जातात ते केवल नरसिंहाचं देऊळ. पाचव्या शतकातलं, वाकाटकांच्या वेळचं. आत शिरलं की बैठा नरसिंह अगदी समोर, हाताच्या अंतरावर. दीड हजार वर्षांपूर्वीची मूर्ती एवढ्या जवळून बघायला मिळते आणि आपला कार्यक्रम तिथे कॅमेरा नेत नाही. माकडं प्रसादाची पन्नी हातातून ओढतात हे सांगा, पाणी कुठे मिळतं ते सांगा, दुपारी दगड किती तापतो ते सांगा. यात एक पैसा जास्त लागत नाही.

माझं मत एका वाक्यात: बघणारा ज्या वाटेने जाणार त्याच वाटेने कॅमेरा गेला पाहिजे. तुम्हाला काय वाटतं? आणि वाहिनीला पत्र लिहायचं ठरलं तर कोणकोणत्या भागांची मागणी करावी?

बर्डीवाला

एकदम बरोबर बोलल्या ताई. खाण्याच्या भागाचंही तेच झालं आहे. सावजी दाखवायची म्हणून एसी हॉटेलात नेतात, शेफ टोपी घालून सांगतो की आम्ही तिखट कमी करून देतो. तिखट कमी केल्यावर सावजी राहिली कुठे?

सावजी ही हलबा कोष्टी लोकांची. विणकरांची वस्ती, घरात माग, मागच्या खोलीत चूल. हातमागाचा धंदा बसत गेला तसं अनेक घरांनी पुढच्या खोलीत दोन बाकं टाकून भोजनालय सुरू केलं. आजही पाचपावली, गोळीबार चौकाकडे अशी भोजनालयं आहेत जिथे घरची बाईच मसाला भाजते. खसखस, दगडफूल, सुकं खोबरं, काळी मिरी. भाजताना गल्लीभर ठसका लागतो. रस्सा दाट करायला थोडं ज्वारीचं पीठ, आणि जुने लोक सांगतात आधी जवसाचं तेल असायचं. तो मसाला वाटणारा हात टीव्हीवर दाखवा ना राजेहो. तर्री पोहे दाखवतानासुद्धा चण्याची तर्री कधी बनते, पहाटे किती वाजता गाडी लागते, हे कोणी विचारत नाही.

मिहानकर

मी थोडं वेगळं म्हणते. मी आणि नवरा दोघंही शिफ्टमध्ये काम करतो. दोघांची सुट्टी एकत्र येणं मुश्कील, आली तर एक रात्र कुठेतरी स्वच्छ खोलीत झोपावं, मुलीला पाण्यात खेळू द्यावं, स्वयंपाक करू नये, एवढीच इच्छा असते. त्यासाठी मला रिसॉर्टची माहिती लागते आणि ती या कार्यक्रमातून मिळते. 'लाइफस्टाइल' हा भागही कार्यक्रमाच्या नावात आहेच ना.

शिवाय रिसॉर्टमध्ये काम करणारी पोरं बहुतेक आसपासच्या गावांतलीच असतात. तिथे गर्दी झाली तर त्यांचंच पोट चालतं. त्यामुळे रिसॉर्ट म्हणजे वाईट असा सूर नको. प्रायोजित असेल तर तसं लिहा आणि भाडं सांगा, या दोन गोष्टींना मात्र माझा शंभर टक्के पाठिंबा. फोन केल्याशिवाय दर कळत नाही आणि फोन केला की आठवडाभर त्यांचेच फोन येत राहतात.

जुनाकॅमेरा

मी काही वर्षं अशाच एका कार्यक्रमासाठी कॅमेरा धरला आहे (हा नव्हे). बघणाऱ्यांना जे दिसत नाही ते सांगतो.

युनिट म्हणजे चार माणसं: अँकर, कॅमेरा, एक मदतनीस, गाडीचा ड्रायव्हर. पेट्रोल, राहणं, जेवण हे वाहिनी देत नाही, ते 'जागा', म्हणजे जिथे उतरतो ते रिसॉर्ट देतं. जो राहायला जागा देतो त्याचं फाटक पहिल्या शॉटमध्ये येणारच. लोकल जाहिरातीचा दर इतका कमी आहे की अर्ध्या तासाचा बाहेरचा भाग त्यातून निघत नाही. मी समर्थन करत नाही, हिशेब सांगतो आहे.

दुसरं कारण उजेडाचं आहे. नागपूरकडे फेब्रुवारीनंतर सकाळी साडेनऊच्या पुढे ऊन असं डोक्यावर येतं की माणसाच्या डोळ्याखाली काळ्या सावल्या पडतात, देवळाचा दगड पांढराफटक दिसतो. चांगला उजेड मिळतो पहाटे दीड-दोन तास आणि संध्याकाळी तेवढाच. मधल्या सहा-सात तासांत युनिट काय करणार? आत जाऊन बुफे आणि खोल्या शूट करतं. म्हणून तुम्हाला पडदे दिसतात. गडावर वारा असतो, कॉलर माइकवर नुसता फरफर आवाज येतो, मग तिथलं बोलणं टाकून देतात आणि वर गाणं लावतात.

तिसरं, जंगलात चित्रीकरणाला वनखात्याची वेगळी परवानगी आणि वेगळं शुल्क लागतं. ते टाळायचं म्हणजे रिसॉर्टच्या कुंपणातूनच झाडं दाखवायची. ड्रोनचंही तसंच. ड्रोन नियम २०२१ आल्यापासून नकाशावर हिरवे, पिवळे, लाल भाग ठरलेले आहेत. विमानतळाच्या आसपास परवानगीशिवाय उडवता येत नाही, व्याघ्र प्रकल्पात तर नाहीच नाही. खासगी आवारावर उडवणं सोपं पडतं. म्हणून प्रत्येक भागाची सुरुवात सारखी दिसते.

पण महालवालींनी रामटेकचा जो भाग सांगितला तो होऊ शकतो. पहाटेची गाडी पकडली, गड सकाळी केला, दुपारी गावात कुणाच्या घरी जेवणाचं शूट, संध्याकाळी तलाव. राहण्याची गरजच नाही. राहणं गेलं की रिसॉर्टचं बंधनही जातं. खर्च चार माणसांच्या तिकिटाचा.

महालवाली

@जुनाकॅमेरा, हे कुणीतरी सांगायला हवंच होतं. एका दिवसात जाऊन येण्याच्या जागा घेतल्या तर राहण्याचा प्रश्न येत नाही, हा मुद्दा पत्रात सगळ्यात वर टाकते. सेवाग्राम-पवनारही तसंच होईल. बापूकुटीत सावलीच असते, मगन संग्रहालय आत बसून बघायचं, येताना वर्ध्याहून गोरसपाक घ्यायचा.

@मिहानकर, रिसॉर्ट वाईट असं मी म्हटलेलं नाही. चारपैकी एक भाग रिसॉर्टचा असू द्या, दरासकट. आज चारही तेच आहेत.

सिल्लारीहून

मी पेंचला गाइडचं काम करतो. आमच्याकडे तीन-चार वाहिन्या येऊन गेल्या. गाडीत बसल्या बसल्या पहिला प्रश्न, वाघ दिसते का? नाही दिसला तर भाग खराब झाला म्हणतात. तो भाग पाहून जो पर्यटक येते तोही तेच मागते. मग जिप्सीवाल्यावर दबाव येते, गाडी पुढे घे, अजून पुढे घे. याचं काय होते ते ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सगळ्यांनी पाहिलं. गोठणगावकडे एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच पिल्लांना दोन्हीकडून गाड्यांनी अडवून धरलं. व्हिडिओ फिरला, नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, कारवाई झाली. कारवाई ड्रायव्हर आणि गाइडवर झाली. वाघाचा क्लोजअप मागणारा घरी निघून गेला होता. टीव्हीवाल्यांनी वाघ किती जवळ आला हे दाखवणं बंद करावं, गाडी किती लांब थांबवली हे दाखवावं.

दुसरी गोष्ट. जानेवारी २०२४ मध्ये आमचं पेंच भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं. त्यासाठी सिल्लारी, पिपरिया, खापा अशा गावांतले शंभराच्या वर दिवे बदलले, उजेड वर न जाता खाली पडला पाहिजे म्हणून. गावातल्या लोकांनी हे मानलं ही साधी गोष्ट नाही, अंधारात साप-विंचवाची भीती असते. आता बाहेरचे लोक तारे पाहायला येतात. यावर अर्ध्या तासाचा भाग सहज होते. पण जो आला तो कॅम्पफायर आणि डीजेच दाखवून गेला. आकाश अंधारं ठेवलं आम्ही आणि त्याच्याखाली लाइट लावून नाच.

आणखी एक. जबलपूर हायवेनं येता तेव्हा मनसरच्या पुढं जंगल सुरू होते. तिथं रस्ता खांबांवर उचलला आहे, खालून जनावरं जातात. असे नऊ मार्ग आहेत, सगळ्यात लांब ७५० मीटरचा. वाघ, बिबट, रानकुत्रे, सगळ्यांचे फोटो तिथल्या कॅमेऱ्यात आले आहेत. गाडीत बसलेल्याला कळतसुद्धा नाही की आपल्या खालून काय चाललं आहे. हे दाखवायला सफारीचं तिकीट लागत नाही.

बर्डीवाला

@सिल्लारीहून भाऊ, तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा वाहिनीला पाठवायला हवा.

वैनगंगा

अंभोऱ्याचा भाग कोणी पाहिला का? नवा केबल-स्टेड पूल, वरची काचेची गॅलरी, सेल्फी कुठे चांगला येतो, सगळं सांगितलं. पाच नद्यांचा संगम हेही सांगितलं: वैनगंगा, कन्हान, आंब, मुर्झा, कोलारी. मला पूल आवडतो. पूर्वी नावेने जावं लागायचं, आता दहा मिनिटांत पलीकडे. आजारी माणसाला भंडाऱ्याला नेणं सोपं झालं.

पण गॅलरीतून जो अथांग जलाशय दिसतो आणि ज्याला अँकर 'आपला मिनी समुद्र' म्हणाली, ते गोसीखुर्दचं पाणी आहे. धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. त्या पाण्याखाली गावं आहेत. माझ्या आईचं माहेर त्यात आहे. घर, आंब्याची झाडं, मारुतीचा पार, सगळं. आजी पुनर्वसनाच्या गावात गेली, तिथे हातपंपाला पाणी नव्हतं. आई तो भाग बघत होती. ती काही बोलली नाही, उठून आत गेली.

मी म्हणत नाही की वीकेंडच्या कार्यक्रमात रडकथा दाखवा. लोक करमणुकीसाठी बघतात. पण एक वाक्य तरी? 'हे पाणी गोसीखुर्द धरणाचं आहे, इथे गावं होती, ती उठून अमुक ठिकाणी गेली, त्यांच्या हातची मासळी खायची असेल तर तिथे थांबा.' ढिवर बांधवांची दुकानं आहेतच काठाला. तेवढ्याने बघणाऱ्याची मजा कमी होणार नाही आणि तिथल्या माणसाला मान मिळेल.

महालवाली

@वैनगंगा, आईंना माझा नमस्कार सांगा. हे वाक्य पत्रात जाईल, तुमच्याच शब्दांत.

पाटणसावंगीकर

एक फार गंभीर गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

पावसाळी पिकनिकच्या भागात वाकीचा डोह, मकरधोकडा, झिल्पी अशा जागा दाखवतात. पोट्टे पाण्यात उड्या मारतात, मागे गाणं. आम्ही कन्हानच्या काठावर राहतो. दरवर्षी या डोहात नागपूरची पोरं बुडतात, दरवर्षी बातमी येते, दरवर्षी आमच्याच गावातले पोहणारे दोर घेऊन उतरतात. वरून पाणी संथ दिसतं. खाली रेती उपशाचे खड्डे आहेत. कमरेएवढ्या पाण्यात चालणारा माणूस पुढच्या पावलाला डोक्यावर पाणी घेतो. पोहता येणाराही त्यात अडकतो, कारण कडेची रेती ढासळते आणि पाय टेकायला जागा मिळत नाही. आणि बुडतात ते एकटे बुडत नाहीत. एकाला वाचवायला दुसरा जातो, त्याच्यामागे तिसरा.

टीव्हीवर पाणी दाखवायचं असेल तर काठावरून दाखवा. अँकरने स्पष्ट सांगावं की इथे उतरायचं नाही. जिथे लाइफ जॅकेट देतात, बोटवाला आहे, अशाच ठिकाणी पाण्यातलं शूट करावं. खिंडसीला ते आहे. यात मला कुठलीही तडजोड मान्य नाही.

जुनाकॅमेरा

पाटणसावंगीकरांशी पूर्ण सहमत. पाण्यातला शॉट लोकांना आवडतो म्हणून संपादक मागतो. पत्रात हे वेगळं, ठळक लिहा.

दोन लेकरांची आई

मी लांबलचक लिहीत नाही. प्रत्येक भागात एक गोष्ट सांगा: बायकांसाठी संडास कुठे आहे, दार लागतं का, पाणी आहे का, ऐन रविवारी उघडा असतो का. बस. यावरच आमचं जाणं-न जाणं ठरतं. सकाळी निघताना पाणी न पिता निघायचं आणि दिवसभर उन्हात तसंच फिरायचं, मग रात्री डोकं धरून बसायचं, हे आम्ही सगळ्या जणी करतो. अँकर स्वतः बाई आहे, तिला हे सांगावं लागू नये. लहान बाळाला पाजायला आडोसा आहे का, हेही.

मिहानकर

+१. खरं सांगायचं तर मी रिसॉर्ट शोधते त्यातलं अर्धं कारण हेच आहे.

काटोलचा शेतकरी

आमच्या भागात संत्र्याच्या बागेत 'फार्म टुरिझम'चा भाग करायला युनिट आलं होतं. आले मे महिन्यात. झाडावर पिवळी संत्री पाहिजेत म्हणाले. मे महिन्यात झाडावर आंबिया बहाराची लिंबाएवढी हिरवी फळं असतात, तीही उन्हाने गळत असतात. आंबिया ऑक्टोबरनंतर तोडणीला येतो, मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये. मी समजावून सांगितलं. त्यांनी बाजारातून क्रेट आणून झाडाखाली मांडलं आणि शूट करून गेले. नंतर उन्हाळ्याच्या सुट्टीत माणसं लेकरं घेऊन बागेत संत्री तोडायला आली. त्यांचा दोष नाही, टीव्हीवर तसंच पाहिलं होतं. लेकरांचे चेहरे उतरले ते मला पाहवले नाहीत.

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. फळ कधी येतं, गोड कधी होतं, झाडाला पाण्याचा ताण का देतात, तोडताना देठ ओढायचा की कात्रीने कापायचा, हे सगळं दाखवण्यासारखं आहे. डिसेंबरमध्ये या, झाडाखाली चटई टाकतो, गोवऱ्यांवर रोडगे आणि वांग्याची भाजी करतो. रोडगा भाजायला वेळ लागतो, तेवढ्या वेळात बाग फिरून होते. माझी एकच अट आहे, यायच्या आधी फोन करावा आणि मोसम विचारावा.

इतवारीचा नातू

बाहेरगावी जाण्याइतकेही पैसे प्रत्येक महिन्यात नसतात. शहरातल्या शहरात एक भाग हवा. अजब बंगला, म्हणजे आपलं मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ सालचा आहे, किती नागपूरकर मोठे झाल्यावर तिथे पुन्हा गेले? कडबी चौकाजवळ नॅरोगेजचं संग्रहालय आहे. नागपूर-नागभीड नॅरोगेज २०१९ मध्ये बंद झाली. आजोबा त्याच गाडीने उमरेडला मिरची बाजारात जायचे. त्यांना मी संग्रहालयात नेलं तेव्हा इंजिनाजवळून हलेनात. सीताबर्डीचा किल्ला फक्त २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला लोकांसाठी उघडतो. १८१७ ची लढाई झाली ती जागा, झिरो माईलच्या मेट्रो स्टेशनवरून चालत जाता येते. त्या तीन दिवसांच्या आधीच्या शनिवारी हा भाग दाखवला तर लोक खरंच जातील.

रामटेककर

धागा वाचून फार बरं वाटलं. आमच्या गावाबद्दल दोन गोष्टी भर घालतो. एक, नगरधनचा किल्ला. रामटेकपासून अगदी जवळ, सपाट जमिनीवर, म्हाताऱ्या माणसांनाही फिरता येतो. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच. किल्ल्यात विहिरीसारखं खाली उतरून जायचं देवीचं ठाणं आहे, पायऱ्या उतरलं की भर उन्हाळ्यातही गारवा लागतो. दुसरं, पानमळे. रामटेकचं पान पूर्वीपासून नावाजलेलं. मळ्यात वाकून शिरावं लागतं, आत वेगळीच ओल असते, वेली बांधणारी म्हातारी माणसं हाताच्या अंदाजाने पान खुडतात. आता मळे कमी होत चालले आहेत. कोणी दाखवेल तर पुढच्या पिढीला कळेल तरी.

त्रिपुरी पौर्णिमेला गडावर त्रिपूर जळतो, तेव्हा गर्दी असते पण तो भाग एकदा करावाच. युनिटच्या जेवणाची सोय आमच्या घरी. पैसे नकोत.

महालवाली

पत्राचा मसुदा टाकते, सुचवा.

'आपला शनिवारचा कार्यक्रम आम्ही घरातली सगळी माणसं एकत्र बसून बघतो. विदर्भाची गावं आपल्या बोलीत दाखवणारा दुसरा कार्यक्रम आमच्याकडे नाही, त्यामुळे हक्काने लिहीत आहोत. महिन्यात निदान दोन भाग एका दिवसात जाऊन येण्याच्या ठिकाणांचे करावेत आणि ते एसटीने, रेल्वेने किंवा दुचाकीने करावेत. प्रायोजित भागावर तसं लिहावं आणि खोलीचा दर सांगावा. नदी-तलावात उतरलेली माणसं दाखवू नयेत. उतरू नका असं स्पष्ट सांगावं. वाघाचा पाठलाग दाखवू नये. स्त्रियांच्या स्वच्छतागृहाची माहिती प्रत्येक भागात द्यावी. जिथे जाल तिथल्या एका तरी माणसाला, गाइड, कोळी, शेतकरी, पानमळेवाला, स्वयंपाक करणारी बाई, त्याच्या कामाबद्दल बोलू द्यावं. यासाठी आमच्यापैकी काही जण आपल्या गावात युनिटची सोय करायला तयार आहेत.' पुढे वैनगंगा आणि सिल्लारीहून यांचे प्रतिसाद जोडते.

वैनगंगा

कोळीच्या जागी ढिवर करा. बाकी छान.

जुनाकॅमेरा

पत्र दिवाळीच्या आधी पोचू द्या. हिवाळ्यातल्या भागांची यादी तेव्हाच ठरते, नंतर दिलं तर पुढच्या वर्षावर जाईल. आणि ईमेलपेक्षा हातात द्या, निर्मात्याच्या टेबलावर.

महालवाली

ढिवर केलं. सोमवारी मी आणि खालच्या मजल्यावरच्या ताई मिळून कार्यालयात देऊन येतो. ज्यांना नाव घालायचं आहे त्यांनी रविवारी रात्रीपर्यंत निरोप पाठवा. @काटोलचा शेतकरी, तुमच्या बागेची तारीख कोणती लिहू?

काटोलचा शेतकरी

डिसेंबरचा दुसरा आठवडा लिहा. त्याच्या पुढे तोडणीवाले येतात.

सिल्लारीहून

ताऱ्यांचा भाग करायचा असेल तर अमावस्येच्या आजूबाजूचा शनिवार लिहा. पुनवेच्या उजेडात काही दिसत नाही, मग युनिट पुन्हा डीजेवरच जाईल.